छातीचा फोटो स्वच्छ, तरी सीटी कशाला?

थोरली_बहीण

डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय. आजार एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, दाता मीच. पेशी चढवतात तो दिवस शून्य धरतात, त्या हिशोबाने आज दिवस +१६. पांढऱ्या पेशी अजून नसल्यातच जमा. पाच दिवस झाले, ताप उतरत नाही. अँटिबायोटिक दोनदा बदलून झालं. ब्लड कल्चरमध्ये काही उगवलेलं नाही. छातीचा फोटो तीनदा काढला, तिन्ही वेळा स्वच्छ.

आणि आता म्हणतात, उद्या छातीचा सीटी करू. खोलीतून बाहेर काढून, लिफ्टने खाली नेऊन. ज्या खोलीत मला हात तीनदा धुतल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, तिथून त्याला थेट जगाच्या गर्दीत! तीन फोटोंत काही नाही, तर चौथं मशीन काय वेगळं सांगणार? राउंडला आलेल्या डॉक्टर "प्रोटोकॉल आहे" म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. नाही म्हणता येतं का? म्हणावं का?

रात्रपाळी

ताई, मी एक्स-रे टेक्निशियन आहे. रात्री दोन वाजता पोर्टेबल मशीन ढकलत अशा खोल्यांत येतो तो मीच. फोटो कसा निघतो ते ऐका. पेशंट अर्धवट बसलेला, पाठीमागे प्लेट सरकवलेली, "श्वास आत घ्या, धरा" म्हणेपर्यंत त्याने सोडलेला असतो. बिचाऱ्याचा दोष नाही, दमलेला असतो. हृदयामागचा भाग झाकलेला, खाली डायफ्रॅमच्या आडचा भाग झाकलेला, वर बरगड्या. अख्ख्या छातीची जाडी एकाच सावलीत दाबून बसवलेली. सेंटिमीटरभर गाठ त्यात आरामात लपून बसते. सीटी म्हणजे त्याच छातीचे मिलिमीटरभर जाडीचे काप. "फोटो स्वच्छ" याचा अर्थ "या फोटोत दिसलं नाही" एवढाच घ्या.

बाहेर नेताना एन-९५ मास्क घालायला सांगा. सीटीवाल्यांना आधी फोन करून टेबल पुसून मोकळं ठेवायला लावा. आमच्याकडे असा पेशंट आला की बाकीची रांग थांबते. मागून कितीही बोलणी खावी लागली तरी.

कुंपणावरचा

माझा अनुभव उलटा. मावशीच्या वेळी दर दोन दिवसांनी काही ना काही. फोटो, सोनो, सीटी, इको. मशीन घेतलंय तर चालवायला नको? शेवटी अर्ध्या तपासण्यांचं उत्तर "विशेष काही नाही" असंच आलं. त्यात ते रेडिएशन वेगळंच. मी असतो तर नाही म्हणालो असतो.

काळापांढरा

मी रेडिओलॉजिस्ट. थोडं लांबेल.

न्यूमोनियाचा जो पांढरा डाग फोटोत दिसतो, तो जंतूंचा नसतो. शरीराने जंतूंवर सोडलेल्या फौजेचा, म्हणजे पेशी, पाणी, पू यांचा असतो. आता तुमच्या भावाकडे फौजच नाही. आग लागली आहे पण धूर नाही, अशी अवस्था. म्हणून या काळात साधा फोटो बराच वेळ गप्प बसतो, आणि तो बोलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अँटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवस ताप राहिला की सीटी करायचा, यामागे हे कारण आहे. "प्रोटोकॉल" हा शब्द खरा आहे, पण ते उत्तर नव्हे.

शोधायचं काय? मुख्यतः बुरशी. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी हवेत सगळीकडे असते. तिचे बीजाणू श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. आपल्या-तुपल्यासारख्यांच्या पेशी त्यांना खाऊन टाकतात, भावाच्या खाऊ शकत नाहीत. मग बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, तेवढा तुकडा मरतो आणि भोवती रक्त पाझरतं. सीटीत त्याची खूण दिसते: मधे घट्ट पांढरी गाठ, भोवती धूसर कडं. ही खूण फार थोडे दिवस टिकते. म्हणून उद्या म्हटलंय तर उद्याच. आठवड्याने तीच बुरशी वेगळ्या वेषात भेटेल.

आणखी एक. यासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही. किडनीवर आधीच औषधांचा मारा चालू असतो, त्यामुळे हे विचारून घ्या. टेबलावर झोपल्यापासून उठेपर्यंत पाच मिनिटं, त्यातलं प्रत्यक्ष स्कॅनिंग एका श्वासाचं.

@कुंपणावरचा, "विशेष काही नाही" हेही उत्तरच असतं हो. बुरशीची औषधं काही साधी नसतात. ती टाळता आली, हा निकालच झाला.

मुंगीची_आई

काळापांढरा, "एका श्वासाचं" हे मोठ्यांसाठी. माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिचा एक श्वास म्हणजे अर्धा हुंदका.

टवाळ_पण_प्रेमळ

रेडिएशनवरून आठवलं. माझ्या मित्राला ट्रान्सप्लांटआधी टोटल बॉडी इरॅडिएशन, म्हणजे अख्ख्या शरीराला किरणं, दिलं होतं, एकूण १२ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), तीन-चार दिवसांत वाटून. महिन्याभराने सीटीला नेताना हा पठ्ठ्या विचारतो, "रेडिएशनचा त्रास नाही ना होणार?" पुरात घर वाहून गेलं आणि हा छप्पर गळतंय म्हणून तक्रार करतोय!

रात्रपाळी

:)) आकडेच हवे असतील तर: छातीचा एक फोटो ०.१ मिलिसिव्हर्टच्या (हेही किरणांचंच माप, पण फार बारीक) आसपास. छातीचा नेहमीचा सीटी ५ ते ७. कमी मात्रेचा दीडच्या आसपास. काही न करता नुसतं पृथ्वीवर राहिल्याबद्दल माणसाला मिळतं ते जगाच्या सरासरीने वर्षाला २.४.

मुंगीची_आई

हसले, पण लहान मुलांच्या आईला गळकं छप्परही मोजावं लागतं. तिच्यापुढे साठ-सत्तर वर्षं आहेत, आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांना पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मी दर वेळी एकच विचारायचे: हेच सोनोग्राफीत किंवा एमआरआयत कळेल का? पुष्कळदा "हो" यायचं. फुफ्फुसाच्या बाबतीत मात्र "नाही" यायचं, कारण सोनोग्राफीला हवेतलं दिसत नाही. तिथे मी गप्प बसायचे.

आमची गोष्ट सांगते, कारण ती फुफ्फुसाची नाही, यकृताची आहे. दिवस +१२. सकाळ-संध्याकाळ वजन करायचे, पोटाला टेप लावायचे. मला वाटायचं, ही नर्सलोकांची हौस. मग वजन वाढायला लागलं. पोरगी काही खात नाही आणि वजन वाढतंय! चढवलेल्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी गायब. उजव्या कुशीला हात लावू देईना. सोनोग्राफीचं मशीन खोलीतच आणलं, रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर केला. यकृत मोठं, पोटात पाणी, पित्ताशयाची भिंत जाड. पण पोर्टल व्हेनमधला, म्हणजे यकृतात रक्त नेणाऱ्या वाहिनीतला, प्रवाह योग्य दिशेने. मी म्हटलं, चला, सुटलो. तर मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, प्रवाह उलटा होईपर्यंत थांबायचं नसतं, तोवर फार उशीर होतो. त्याच रात्री डिफायब्रोटाइड नावाचं औषध सुरू केलं. व्हीओडी म्हणतात त्याला. यकृतातल्या बारीक वाहिन्या तुंबतात.

म्हणजे आमच्या बाबतीत मशीनपेक्षा वजनकाटा आणि टेप आधी बोलले. मुलगी आता दहा वर्षांची आहे, आगाऊ आहे.

काळापांढरा

अगदी बरोबर. पहिल्या दिवसांत डॉप्लर साफ असूनही व्हीओडी असू शकतो. मुलांमध्ये तर कावीळ नसतानाही. सोनोग्राफीचा मोठा उपयोग म्हणजे बाकीची कारणं बाजूला काढणं आणि उद्याच्या सोनोग्राफीशी ताडून बघायला आजची हाताशी असणं.

शब्दकोडे

थोडं अवांतर. आमच्या शेजारच्यांचं "अस्थिमज्जा प्रत्यारोपण" आहे असं घरी सांगितलं, तर धाकटा म्हणतो, त्यात कसली मज्जा?

टवाळ_पण_प्रेमळ

त्याला सांगा, ज्याच्या हाडात मज्जा नाही त्यालाच ती कळते.

पोटाचा_प्रश्न

अजून एक अवांतर, पण कामाचं. माझ्या वडिलांना +४५ च्या सुमाराला दिवसाला दहा-बारा जुलाब. सीटीत आतड्याची भिंत सुजलेली. आम्ही ठरवूनच टाकलं, जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटल्या. पण तशीच सूज सीएमव्ही विषाणूनेही येते आणि दोन्हींचे उपाय परस्परविरोधी. एकात प्रतिकारशक्ती दाबायची, दुसऱ्यात दाबलेली सैल सोडायची. शेवटी दुर्बीण घालून तुकडा काढला तेव्हा कळलं. सीटी "कुठे" ते सांगतो. "काय" ते नेहमी सांगेलच असं नाही.

थोरली_बहीण

सगळ्यांचे आभार. काल सीटी झाला (+१७). मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये एकटाच होता, वॉर्डबॉयने मजले बंद करून ठेवले होते.

रिपोर्ट: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात १४ मिमीची गाठ, भोवती "ग्राउंड ग्लास हेलो". डावीकडे दोन बारीक ठिपके. रक्तातली बुरशीची गॅलॅक्टोमॅनन नावाची चाचणीही पॉझिटिव्ह आली. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलंय. फोटो अजूनही स्वच्छच आहे, तो आज सकाळी परत काढला!

हेलो म्हणजे नेमकं काय? इंटरनेटवर बघितलं आणि बंद केलं.

काळापांढरा

हेलो म्हणजे प्रभावळ. मूर्तीच्या मागे असते तशी. मी वर "धूसर कडं" म्हटलं ते हेच, गाठीभोवती पाझरलेलं रक्त. हा शिक्का नव्हे, इतर कारणांनीही दिसतं. पण पेशी नसलेल्या माणसात, +१७ ला, तापासोबत, आणि वर गॅलॅक्टोमॅनन पॉझिटिव्ह, म्हणजे चारही बोटं एकाच दिशेला आहेत. तुकडा काढायला सुई घालणं प्लेटलेट इतक्या कमी असताना धोक्याचं, म्हणून अशा वेळी चित्र आणि रक्त यांच्या भरवशावर उपचार सुरू करतात. म्यूकर नावाची दुसरी बुरशी असते, तिच्यावर व्होरिकोनाझोल चालत नाही. तिची चित्रात उलटी प्रभावळ दिसते, मधे धूसर आणि कडेला घट्ट. तुमच्याकडे तशी नाही.

हिरवा_कागद

थोरली_बहीण, व्होरिकोनाझोलने दिसण्यात गडबड होते, आधीच सांगून ठेवा. माझा नवरा भिंतीवर रंग हलताना बघायचा आणि कुणाला सांगायचा नाही. त्याला वाटलं, वेड लागतंय.

आणि एक महत्त्वाचं. हे औषध सायक्लोस्पोरिनची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या औषधाची, रक्तातली पातळी वाढवतं. डोस कमी करावा लागतो, पातळी तपासत राहावी लागते. आमच्या वेळी ते हुकलं असं माझं मत, डॉक्टरांचं वेगळं. असो. +३८ ला सकाळपासून डोकं दुखत होतं, बीपी चढलेलं, आणि दुपारी शांतपणे म्हणाला, "लाइट का घालवले?" लाइट चालू होते. दहा मिनिटांत फिट आली.

आधी डोक्याचा सीटी केला. प्लेटलेट कमी असल्याने रक्तस्राव तर नाही ना, एवढंच बघायला. नव्हता. मग एमआरआय. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र असतं, दोन्हीकडे सूज. या अवस्थेला "प्रेस" म्हणतात. सायक्लोस्पोरिन थांबवलं, बीपी आणलं खाली, दुसरं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य काय तर "किती वाळलीस". चार आठवड्यांनी एमआरआय कोरा.

तो पहिला एमआरआय मी अजून जपून ठेवलाय. का ते सांगता येत नाही.

थोरली_बहीण

आत्ता सिस्टरना विचारून आले. पातळी रोज बघतायत, डोस अर्धा केलाय. आणि हो, भावाला पडदा निळा दिसतो. पडदा करडा आहे.

जुना_वाचक

इतिहासाची चूळ भरतो, क्षमस्व. ई. डोनल थॉमस या डॉक्टरांनी १९५७ मध्ये बोन मॅरो दिलेल्या पहिल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला. त्यातलं कुणीही १०० दिवसांपलीकडे जगलं नाही. त्या काळी छातीत डोकावायला साधा एक्स-रे हेच मुख्य साधन. सीटीवर पहिला रुग्ण झोपला तो १९७१ मध्ये. सीटी घडवणारे हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल १९७९ ला, थॉमस यांना १९९० ला. +१०० हा आकडा आजही सगळे श्वास रोखून मोजतात.

अधिक_२२००

मी स्वतः पेशंट. सहा वर्षं झाली, नावावरून हिशोब करा. मी +१०० नंतरचं सांगतो, कारण तेव्हा सगळे हार घालून निघून जातात.

माझ्या त्वचेला आणि यकृताला जीव्हीएचडी झाला, स्टिरॉइड दीड वर्ष चाललं. मग जांघेत दुखायला लागलं. फोटो काढला, स्वच्छ. "स्नायू ओढला असेल." तीन महिने शेकत बसलो. परत फोटो, परत स्वच्छ. मी आपला स्वतःलाच आळशी समजून जिने चढतोय. शेवटी एका डॉक्टरांनी पाय आत वळवून बघितला, मी ओरडलो, आणि त्यांनी त्याच दिवशी एमआरआय लिहिला. खुब्याच्या हाडाचा गोळा आतून मेलेला. रक्तपुरवठा बंद, एव्हीएन. आणि कमाल म्हणजे दुसऱ्या खुब्यातही सुरुवात, जो अजिबात दुखत नव्हता! न दुखणाऱ्या बाजूला छिद्र पाडून दाब कमी केला, तो वाचला. दुखणारा बदलला.

तेव्हा धाग्याचं नाव मला फार पटलं. "फोटो स्वच्छ" या दोन शब्दांनी माझे सहा महिने खाल्ले.

धाप_लागे

आणि माझी सव्वा वर्षं. +४०० च्या पुढे जिना चढताना धाप. छातीचा फोटो स्वच्छ. सीटी केला, तोही जवळपास स्वच्छ. आता बोला!

मग फुंकर मारायची चाचणी केली. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी तिच्या निम्मीच पडत होती. तेव्हा सीटी पुन्हा केला, पण या वेळी श्वास सोडून. फुफ्फुसात ठिकठिकाणी काळे चट्टे. हवा आत जाते, बाहेरच येत नाही. बारीक श्वासनळ्या आकसल्या होत्या, ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. हाही फुफ्फुसाचा जीव्हीएचडीच. पहिल्या वेळी श्वास आत घेऊन काढलेल्या चित्रात ते दिसणार कसं?

त्यामुळे सीटी सर्वज्ञ आहे असं कुणी समजू नका. स्पायरोमेट्री, म्हणजे ती फुंकर मारायची चाचणी, दर तीन महिन्यांनी केली असती तर आधीच पकडलं असतं. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, आहे ते टिकवतोय.

कुंपणावरचा

म्हणजे गरज होती ती तपासणी झाली नाही आणि नको त्या दहा झाल्या. मी तरी काय वेगळं म्हणत होतो?

धाप_लागे

तुम्ही "नाही म्हणा" म्हणालात. मी म्हणतोय, नेमकं काय ते विचारा. फरक आहे.

थोरली_बहीण

+२७. पेशी आल्या! +२१ ला. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, सलग तीन दिवस ५०० च्या वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताप गेला. आणि दोन दिवसांनी खोकला सुरू झाला. काल सीटी परत केला. गाठ १४ ची २२ मिमी झालीय. आत पोकळी. औषध लागू पडत नाहीये, बरोबर? मला खरं सांगा. आई विचारतेय आणि मी "रिपोर्ट यायचाय" म्हणून सांगितलंय.

काळापांढरा

खरंच सांगतो. औषध लागू पडत असतानाही पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ही गाठ मोठी होते, हे नोंदलेलं आहे. त्यातच पेशी आल्या, म्हणजे आता फौज तिथे पोचली आणि सूज वाढली. पोकळीच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी काळी रेघ असं काही लिहिलंय का? असेल तर मेलेला तुकडा भोवतीच्या फुफ्फुसापासून सुटून निघतोय. पेशी परतल्याची ती खूण असते.

एकाच गोष्टीची काळजी घ्या: खोकल्यातून रक्त आलं तर, चमचाभर का असेना, ताबडतोब सांगायचं. ही पोकळी मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर तेही विचारून घ्या.

ताप नाही, ऑक्सिजन लागत नाही, नव्या गाठी नाहीत. आईंना सांगा, रिपोर्ट आला.

थोरली_बहीण

"एअर क्रेसेंट" असं लिहिलंय, म्हणजे तीच चंद्रकोर. रक्तवाहिनीपासून लांब आहे. आईला सांगितलं. आता रडते जरा.

रात्रपाळी

रडा ताई, आणि मग एक काम करा. आमच्याकडे येणाऱ्या मागणीपत्रावर दहापैकी सातदा "ताप" एवढाच शब्द असतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याला समोर दिसते एक वाढलेली गाठ. आज दिवस कितवा, पेशी कधी आल्या, कुठलं औषध किती दिवस, हे त्याला स्वप्नात कळणार का? पुढच्या वेळी स्वतः लिहून चिकटवा.

काळापांढरा

सातदा नाही, आठदा. +१० ची सावली आणि +६० ची सावली दिसायला सारखी असू शकते. पहिल्या महिन्यात बुरशी, पाणी साचणं, रक्तस्राव. पुढे शंभरापर्यंत सीएमव्ही. त्यानंतर वर धाप_लागे यांनी सांगितलं ते. दिवस माहीत नसेल तर मी रिपोर्टमध्ये सगळ्यांची यादी लिहितो. ती वाचून नातेवाईक इंटरनेटवर जातात, मग असे धागे निघतात.

थोरली_बहीण

+१०४. इतके दिवस आले नाही, घरी आणल्यावर वेळच मिळेना.

गाठ आता ६ मिमीचा व्रण आहे. व्होरिकोनाझोल चालू. पडदा करडा दिसतो. रक्तगट बदलून माझा झालाय, आणि तपासणीत त्याच्या रक्तपेशी एक्सएक्स, म्हणजे बाईच्या, निघतात, यावरून घरात जे विनोद चाललेत ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

कुंपणावरचा, तुमच्या प्रश्नाचं राहिलंय. +१६ ला नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. पण +६४ ला, तो ठणठणीत असताना, मागच्या सीटीला तीनच आठवडे झालेले असताना परत सीटी लिहिला. मी विचारलं, "गाठ लहान झालेली निघाली तर औषध बंद कराल?" नाही म्हणाल्या. "तेवढीच निघाली तर बदलाल?" तेही नाही. जरा थांबल्या आणि त्यांनीच कागदावर काट मारली. दोन आठवडे पुढे ढकलला. त्याच डॉक्टर, प्रोटोकॉलवाल्या.

कुंपणावरचा

अर्धा गुण मला.

थोरली_बहीण

पाव. आणि मागणीपत्रावर मी चिठ्ठी चिकटवते दर वेळी. परवा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, तुम्ही डॉक्टर का? भाऊ मागून म्हणाला, "नाही, ती माझा बोन मॅरो आहे."

नवीन_सदस्य_आहे

धागा आत्ताच वाचला. बायकोचा आज +९. ताप कालपासून. छातीचा फोटो स्वच्छ म्हणतात.

रात्रपाळी

मी इथेच आहे. अँटिबायोटिक कधी सुरू केलं, आणि पेशी किती?